उरलेल्या टर्कीचा शास्त्रोक्त विनियोग

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी साजऱ्या होणाऱ्या थँक्सगिव्हिंग या कृतज्ञतेच्या सणाचा अभ्यास इतिहासकारांनी, समाजशास्त्रज्ञांनी आणि आहारतज्ज्ञांनी आपापल्या परीने केला असला, तरी त्या सर्वांची नजर गुरुवारवरच खिळून राहिल्यामुळे शुक्रवारची उपेक्षा झाली आहे. गुरुवारचे जेवण एकदाच होते आणि ते दोन-अडीच तासांत आटोपते. त्या जेवणातून उरलेल्या टर्कीचा कारभार मात्र पुढचे चार दिवस, आणि घरात फ्रीझर असेल तर पुढचे चार महिने चालतो. कालावधी हाच महत्त्वाचा निकष मानला, तर सण खऱ्या अर्थाने शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवार ही त्याची पूर्वतयारी ठरते. टर्की उरते हा अपघात नसून ती योजना आहे, एवढे एकदा मान्य केले की तिच्या विनियोगाच्या प्रश्नाकडे नीट पाहता येते.

टर्की हा मूळचा मेक्सिको आणि उत्तर अमेरिकेतला पक्षी असून अमेरिकी दुकानांत तो पिसे काढून, अखंड आणि बहुधा गोठवलेल्या स्थितीत मिळतो. टर्की उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार या एका सणाला सुमारे चार कोटी साठ लाख टर्की फस्त होतात, मात्र त्या त्याच दिवशी फस्त होतात असा या अंदाजाचा अर्थ घेऊ नये. सामान्य पक्ष्याचे वजन सात किलोंच्या आसपास भरते. तो अखंडच भाजावा, अखंडच टेबलावर आणावा आणि घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीने सर्वांसमक्ष कापावा असा शिष्टाचार असल्यामुळे अर्धा पक्षी आणण्याचा व्यवहार्य मार्ग आपोआप बंद होतो, आणि जेवणारी माणसे चार असली तरी छायाचित्रात अर्धी टर्की शोभत नाही म्हणून ओव्हनमध्ये पूर्ण टर्कीच जाते. अमेरिकी पाकपुस्तकांत माणशी एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, कच्च्या टर्कीचे प्रमाण दिलेले असते, आणि त्याला लागूनच, दुसऱ्या दिवसासाठी उरवायची असल्यास माणशी दीड पौंड धरावे, अशी पुस्तीही जोडलेली असते. ज्या उरण्याचे प्रमाण आधीच छापलेले आहे त्याला उरणे म्हणता येत नाही. ती तरतूद होय. असे असूनही शुक्रवारी सकाळी फ्रीजचे दार उघडणारा प्रत्येक गृहस्थ ‘एवढी कशी उरली?’ असा उद्गार काढतो, यावरून मनुष्य स्वतःच केलेल्या तरतुदीबाबत किती विस्मरणशील असतो ते दिसून येते.

या तरतुदीची परंपरा जुनी आहे. १६२१ मध्ये प्लिमथ येथील इंग्रज वसाहतवाल्यांनी पीक हाती आल्यावर जो उत्सव केला, त्याची हकीकत एडवर्ड विन्स्लो याच्या एका पत्रात आढळते. तिच्यानुसार चार माणसांनी एका दिवसात इतके पक्षी मारले की ते सगळ्या मंडळींना जवळजवळ आठवडाभर पुरले, आणि वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट हा आपल्या नव्वद माणसांसह तीन दिवस पाहुणचाराला राहिला, शिवाय त्याच्या माणसांनी पाच हरणांची भरही घातली. ते पक्षी टर्कीच होते असे विन्स्लो म्हणत नाही, त्यामुळे ती बदकेही असू शकतील. परंतु एका दिवसाची शिकार आणि आठवडाभराचे जेवण हे गुणोत्तर तेव्हापासून आजतागायत फारसे बदललेले नाही. नव्वद पाहुणे हाताशी असूनही ज्यांना आठवडा लागला, त्यांचा वारसा सांगणारे लोक तेच काम चौघांत चार दिवसांत उरकू पाहतात, याला श्रद्धा म्हणावे की धाडस, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपवणे बरे.

टर्कीला या जेवणाचे अध्यक्षपद मिळवून देण्याचे बरेचसे श्रेय सारा जोसेफा हेल या लेखिकेकडे जाते. मेरी आणि तिच्या कोकराची जी कविता मराठी मुलांनाही इंग्रजी शाळेत तोंडपाठ करावी लागते, ती लिहिणाऱ्या या बाईंनी १८२७ च्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीचे सविस्तर वर्णन करून भाजलेल्या टर्कीला टेबलाच्या अग्रस्थानी बसवले, आणि पुढे ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाच्या संपादक या नात्याने हा दिवस राष्ट्रीय सण व्हावा म्हणून वर्षानुवर्षे लेख आणि पत्रे लिहिली. अखेर १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्यासाठी मुक्रर केला. ज्या लेखणीने कोकराला अमर केले तिनेच टर्कीला ओव्हनची वाट दाखवावी, हा पक्षपात साहित्याच्या इतिहासात नोंदला जायला हवा. १९३९ मध्ये नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे ओढला, तेव्हा काही राज्यांनी नवी तारीख पाळली, काहींनी जुनी पाळली आणि टेक्सास, कोलोरॅडो व मिसिसिपी यांनी कोणाचेही मन न मोडण्याच्या हेतूने दोन्ही पाळल्या. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार कायम करण्यात आला. या कायद्यामागची राजकीय कारणे ग्रंथांत सापडतात; पहिल्या गुरुवारची टर्की संपण्याआधीच दुसऱ्या गुरुवारची दारात येऊन उभी राहिल्यावर टेक्सासमधील गृहिणींनी काय म्हटले असेल, याची दखल मात्र कोणी घेतलेली दिसत नाही.

उरलेल्या टर्कीच्या इतिहासातील सर्वांत भव्य प्रकरण कोणत्याही स्वयंपाकघरात घडलेले नसून ते रुळांवर घडले, असे सांगितले जाते. नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथील स्वॉन्सन कंपनीचा १९५३ च्या थँक्सगिव्हिंगला विक्रीचा अंदाज चुकला आणि २६० टन गोठवलेली टर्की पडून राहिली. गोदामात जागा नसल्यामुळे ती दहा शीतडब्यांत, म्हणजे थंडाव्याची यंत्रणा असलेल्या मालगाडीच्या डब्यांत, भरण्यात आली. आणि ती यंत्रणा गाडी चालू असेपर्यंतच थंडावा देत असल्यामुळे टर्कीने भरलेले ते डबे अमेरिकेचा मध्य-पश्चिम भाग आणि पूर्व किनारा यांच्या दरम्यान कोठेही माल न उतरवता येरझारा घालत राहिले. पुढे जेरी थॉमस या कंपनीच्या विक्रेत्याला, विमानात जेवण देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या ताटल्या पाहून, कप्पे पाडलेल्या अॅल्युमिनियमच्या ताटलीत टर्की, मक्याच्या पावाचे सारण, ग्रेव्ही, मटार आणि रताळे भरून ते सारे गोठवून ९८ सेंटला विकण्याची कल्पना सुचली, असे या कथेचे उत्तरार्धातील वळण आहे. कथेवर आक्षेप घेतले गेले आहेत: कल्पना नेमकी कोणाची, यावर इतरांनी निराळे दावे केले आहेत, आणि कप्प्यांच्या ताटलीतले गोठवलेले जेवण त्याच्या आठ-नऊ वर्षे आधीही विमान प्रवाशांसाठी तयार होत होते. निर्विवाद एवढेच की ती ताटली दुकानांत आली, दूरचित्रवाणीसमोर बसून जेवणाऱ्या कुटुंबांनी ती उचलून धरली, आणि ज्यांनी नोव्हेंबरात टर्की विकत घ्यायचे टाळले होते त्यांनीच ती पुढे वर्षभर चित्रपट पाहत खाल्ली. शिल्लक माल संपवायचा आणि खाणाऱ्याला तो शिल्लक असल्याची जाणीवही होऊ द्यायची नाही, हा घराघरांतला पेच येथे कारखान्याच्या पातळीवर सुटला. त्या आख्यायिकेतील दुसरे तत्त्व, म्हणजे टर्की सतत प्रवासात ठेवावी, हेही घरगुती प्रमाणावर पाळले जाते: पाहुणे निघाले की त्यांच्या हातात डबे दिले जातात.

डबेवाटपाचा हा विधी अमेरिकेतील मराठी घरांत विशेष विकसित झालेला दिसतो. चार दिवसांची सलग सुट्टी, दूरच्या गावांहून गाडीने येणारी स्नेही कुटुंबे आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणण्याची पॉटलक नावाची पद्धत यांमुळे तेथील मराठी मंडळींनी थँक्सगिव्हिंग केव्हाच आपलासा केला असून, टेबलाच्या एका टोकाला टर्की, दुसऱ्या टोकाला मसालेभात आणि मध्ये शाकाहारी मंडळींसाठी भरली वांगी, अशी सरमिसळ तेथे स्वाभाविक मानली जाते. (१९९५ पासून बाजारात असलेली सोयाबीनची शाकाहारी टर्कीही क्वचित दिसते, ती मात्र पूर्णच उरते.) दह्याचे आणि आइस्क्रीमचे रिकामे प्लास्टिकचे डबे वर्षभर कशासाठी जपून ठेवले जातात याचा उलगडा या संध्याकाळी होतो. यजमानीणबाई ‘थोडी तरी न्याच, उद्या मुलांना होईल’ असा आग्रह करतात, पाहुण्या ‘अहो, खरंच नको, आमच्याकडे कोण खाणार’ असे म्हणतात, आणि या दोन विधानांपैकी दुसरे तंतोतंत खरे असूनही पहिल्याचाच विजय होतो. अडचण पुढे येते. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हा संकेत मराठी माणूस सातासमुद्रापलीकडेही सोडत नाही. त्यामुळे शनिवारी तो डबा परत येतो तेव्हा त्यात त्याच टर्कीचा रस्सा असतो.

एवढे होऊनही घरात जे राहते त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. मराठीत हत्ती गेला आणि शेपूट राहिले असे म्हणतात. टर्कीच्या बाबतीत शेपूट जाते आणि हत्ती राहतो. पाहुणे मांड्या, पंख आणि भाजलेली खरपूस कातडी आधी संपवतात, आणि उरतो तो मुख्यतः छातीचा पांढरा भाग. आज अमेरिकेत वाढवली जाणारी टर्की ही रुंद छातीसाठी निवडपैदाशीने घडवलेली पांढऱ्या पिसांची जात असून तिची छाती इतकी अवजड झाली आहे की या पक्ष्यांना नैसर्गिक रीतीने जुगता येत नाही आणि त्यांची वीण कृत्रिम रेतनावर चालते. म्हणजे शास्त्रज्ञांनी आणि उत्पादकांनी मिळून पक्ष्याचा जो भाग सर्वाधिक वाढवला, तोच भाग जेवणारे सर्वाधिक शिल्लक ठेवतात. त्यात चरबी कमी असल्यामुळे तो चटकन कोरडा पडतो. छाती ७४ अंश सेल्सिअसला खाण्यायोग्य होते, तर मांड्या मऊ पडायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, आणि दोन्ही एकाच धडाला जोडलेल्या असल्याने मांड्यांचे होईपर्यंत छातीचे भुसकट होते. या कोरड्या भागाला दुसऱ्या दिवशी पुन्हा ओव्हनमध्ये घालणे ही शिळ्या कढीला ऊत आणण्यापेक्षाही निष्फळ कृती आहे, कारण कढी निदान पातळ तरी असते.

शिळ्या टर्कीला जो एक विशिष्ट वास येतो त्याचे कारणही येथेच सांगणे योग्य होईल, कारण पुढच्या सर्व पाककृती कळत-नकळत त्या वासाविरुद्धच्या मोहिमा आहेत. टर्कीच्या स्नायूंतील पेशींच्या आवरणांत असंपृक्त स्निग्धाम्ले, म्हणजे हवेशी सहज संयोग पावणारे चरबीचे घटक, पुष्कळ असतात. शिजताना ही आवरणे फुटतात, मांसातील लोह मोकळे होते आणि त्याच्या मदतीने प्राणवायू त्या घटकांचे विघटन करू लागतो. फ्रीजच्या थंडाव्यात ही क्रिया थांबत नाही, संथ होते इतकेच, आणि मांस पुन्हा तापवले की जुन्या पुठ्ठ्याची आठवण करून देणारा दर्प दरवळतो. टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी १९५८ मध्ये या दोषाला अन्नशास्त्रात रीतसर नाव मिळवून दिले. घरोघरी त्याला शिळा वास म्हणतात आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. यावरून निघणारे निष्कर्ष सरळ आहेत: उरलेली टर्की एकतर तापवूच नये, किंवा तापवायची तर हवा लागणार नाही अशी ती कशात तरी बुडवावी, आणि तेही जमत नसेल तर तिच्यावर इतका मसाला चढवावा की दर्पाला तोंड वर काढता येऊ नये.

पहिल्या मार्गाचे फळ म्हणजे सँडविच. पावाच्या दोन कापांमध्ये थंड टर्की, तिच्या पोटात भरलेले पावाचे आणि कांद्याचे सारण, आणि क्रॅनबेरी नावाच्या आंबट लाल फळाची गोडसर चटणी घालून केलेला हा पदार्थ अनेक अमेरिकी लोकांना मूळ मेजवानीपेक्षाही प्रिय असतो, आणि या बाबतीत त्यांचे मत ग्राह्य धरावे असे आहे. ‘फ्रेंड्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या १९९८ मधील एका भागात रॉस या पात्राचे असेच सँडविच, ज्यात मध्ये ग्रेव्हीत भिजवलेला पावाचा तिसरा काप असतो, कार्यालयातील वरिष्ठाने खाल्ल्यामुळे तो इतका भडकतो की त्याला रजेवर जावे लागते. प्रेक्षक या प्रसंगाला हसतात; परंतु कोरड्या छातीच्या मांसाला ओलाव्याचा स्वतंत्र स्रोत जोडण्याची ती कल्पना पाकशास्त्राच्या दृष्टीने अतिशय पक्की आहे, आणि सँडविच चोरणाऱ्या वरिष्ठाला मोकळे सोडून ते बनवणाऱ्या बहिणीच्या थोरल्या भावालाच रजा घ्यायला लावणे हा त्या संस्थेचा निर्णय मात्र समर्थनीय वाटत नाही, कारण सँडविच बहिणीने केले होते आणि तिचे म्हणणे कोणी ऐकूनच घेतले नाही.

बुडवण्याच्या मार्गात सर्वाधिक प्रतिष्ठा टर्की तेत्राझिनी या पदार्थाला आहे. लुईझा तेत्राझिनी या इटालियन ऑपेरा गायिकेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थात शेवयांसारखी लांब स्पॅगेटी, अळंबी, साय, चीज आणि थोडी शेरी यांच्या दाट सारात टर्कीचे तुकडे सोडून वरून पावाचा चुरा भुरभुरवतात आणि सारे भाजून काढतात. १९१० च्या नाताळच्या पूर्वसंध्येला या गायिकेने सॅन फ्रान्सिस्कोच्या भर रस्त्यात प्रचंड जनसमुदायासमोर गाणे म्हटले होते. तिच्या नावाने शंभर वर्षांनंतरही लोकांनी शनिवारची टर्की संपवावी, अशी कीर्ती फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येते. आक्षेप एवढाच आहे की, फ्रीजमधली दोनशे रुपयांची टर्की वाया जाऊ नये म्हणून या पदार्थासाठी हजार रुपयांचे चीज, साय, अळंबी आणि मद्य विकत आणावे लागते, आणि ते उरते.

या अर्थशास्त्राचा पाया एकोणिसाव्या शतकातच घातला गेला. इसाबेला बीटन यांच्या १८६१ च्या गृहव्यवस्थेवरील सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथात ‘थंड मांसाचा स्वयंपाक’ असा स्वतंत्र प्रकार असून त्यात उरलेल्या टर्कीच्या पाककृतीही आहेत, आणि प्रत्येकीखाली खर्चाचा आकडा देताना तो मांस वगळून असल्याचे नमूद केले आहे. काल विकत घेतलेली वस्तू आज फुकट असते, हे गृहीतक इतक्या शांतपणे मांडणारा दुसरा ग्रंथ अर्थशास्त्रात शोधावा लागेल. कालचा खर्च कालच्या खात्यात पडला, तो आजच्या हिशेबात कशाला, हा न्याय लावला की कोणतेही कुटुंब बुधवारपर्यंत श्रीमंत राहू शकते.

सूप आणि पेज या प्रकारांत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. सांगाडा तीन-चार तास मंद आचेवर उकळला की हाडांजवळच्या ऊतींतील कोलॅजेनचे जिलेटिन होऊन पाण्याला अंग येते, हे सर्व संस्कृतींना ठाऊक आहे. लुइझियानात त्याचा गम्बो करतात, चिनी अमेरिकी घरांत त्यात तांदूळ शिजवून जूक नावाची मऊ पेज करतात, आणि दोन्ही चांगले लागतात. कोल्हापुराकडच्या माणसाला यात नवे काही दिसणार नाही, कारण मीठ-हळदीच्या अशा पाण्याला तो अळणी म्हणतो आणि नारळाचे दूध, खसखस व काजू घालून त्याचा पांढरा रस्सा कसा करावा हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

खरा विस्तार मसाल्याच्या मार्गाचाच करावा लागतो. ब्रिटनमध्ये टर्की नाताळाला खातात, आणि नाताळचा दुसरा दिवस, ज्याला बॉक्सिंग डे म्हणतात आणि ज्याचा मुष्टियुद्धाशी संबंध नाही, तो ‘टर्की करी’चा दिवस असतो. हेलन फील्डिंग यांच्या १९९६ मधील ‘ब्रिजेट जोन्सची डायरी’ या कादंबरीत नायिकेची आणि नायकाची भेट नववर्षदिनी अशाच टर्की करीच्या जेवणात घडते, यावरून ती करी पहिल्या जानेवारीपर्यंत चालू शकते एवढी माहिती मिळते. इंग्रज माणसाला हा मार्ग हिंदुस्थानातूनच गवसला: १७४७ मध्ये हॅना ग्लास यांनी कोंबडीच्या करीची कृती छापली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत बीटनबाईंच्या ग्रंथात करी ही उरलेल्या गोमांसाची सोय लावण्याची रीत बनली. जुन्या पद्धतीच्या ब्रिटिश घरगुती करीत कांदा परतून त्यावर डब्यातली करी पावडर आणि मैदा घालतात, मग सफरचंदाचे तुकडे आणि बेदाणे टाकतात, आणि शेवटी टर्की सोडतात. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबून संयम राखावा. मटणाच्या रश्शात बेदाणे दिसल्यास नगर जिल्ह्यात सोयरीक मोडू शकते, हे खरे. पण त्या करीचा हेतू टर्की रुचकर करणे हा नसून ती ओळखू न येऊ देणे हा आहे, आणि त्या हेतूपुरती ती यशस्वी होते.

कांदा-खोबरे भाजून केलेले वाटण, आले-लसूण आणि गरम मसाला वापरून केलेला रस्सा या शर्यतीत निर्विवाद पुढे राहतो आणि याला देशाभिमानापेक्षा रसायनशास्त्र अधिक कारण आहे. लवंग, दालचिनी आणि हळद यांच्यात ऑक्सिडीकरणाला अटकाव करणारी द्रव्ये असतात, म्हणून गुरुवारी भाजण्याआधीच जी टर्की दही-मसाल्यात मुरवली होती तिला शनिवारी शिळा वास कमी येतो. आणि जिला इंग्रजी पद्धतीने नुसते मीठ, मिरी व लोणी लावले होते तिचा वास निदान तेलाच्या तवंगाखाली दबतो. पथ्य एकच पाळायचे असते. टर्की आधीच शिजलेली असल्यामुळे वाटणाला तेल सुटून रस्सा पूर्ण तयार झाल्यावर ती शेवटची पाच-सात मिनिटे, वाफाळून उकळी येईपर्यंतच, आत सोडावी. कच्च्या मटणासारखी तासभर रटरटवल्यास छातीच्या मांसाची सुतळी होते. मांडीचे मांस उरले असेल तर ते रश्शात आणि छातीचे मांस चिरून खिम्यात किंवा बटाटा घालून कटलेटांत, अशी विभागणी करणे हिताचे. गोव्यातील ख्रिस्ती घरांतले सॉरपोटेल येथे आठवल्याशिवाय राहत नाही: डुकराचे मांस आणि काळीज मसाल्यात व व्हिनेगरमध्ये नाताळच्या काही दिवस आधीच शिजवून ठेवतात, रोज गरम करतात, आणि सणाच्या दिवशी ते जास्त मुरलेले लागते. सणाच्या जेवणाची गोडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी चढत जाईल अशी रचना गोव्याने केली आणि उतरत जाईल अशी अमेरिकेने केली. यात पुढारलेले कोण, याबद्दल दुमत होऊ नये.

वैचारिक पातळीवर या विषयाचा शेवट एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या कादंबरीकाराने केला होता. त्याच्या टिपणवह्यांत उरलेल्या टर्कीच्या तेरा पाककृती सापडल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १९४५ मध्ये त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी एकीत टर्कीत गॅलनभर वर्माउथ हे मद्य ओतून सगळे हलवायला सांगितले आहे, तर दुसरीत ती सायकलच्या पंपाने फुगवून दिवाणखान्याच्या वाटेवर टांगायला सांगितली आहे. टीकाकारांना या कृती विनोदी वाटतात. चौथ्या दिवशी त्या वाचणाऱ्याला मात्र दुसरी कृती तेत्राझिनीपेक्षा स्वस्त असल्याचे जाणवते. तिच्याशी मिळताजुळता प्रयोग हिंदुस्थानात तीन शतके आधी प्रत्यक्षात यशस्वी झाला होता. १६१२ च्या सुमारास जहांगीर बादशहाचा अधिकारी मुकर्रबखान गोव्यात पोर्तुगिजांकडून दुर्मीळ चिजा आणायला गेला आणि त्याने आणलेल्या प्राण्यांत एक टर्की नरही होता. बादशहाने आत्मचरित्रात त्याच्या रंग बदलणाऱ्या डोक्या-मानेचे आणि मोरासारख्या फुलवलेल्या पिसाऱ्याचे कौतुक लिहिले आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने त्याचे चित्र काढले, जे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. टर्की शिजवण्याऐवजी रंगवली, तर मागे काहीही उरत नाही, याचा हा सर्वांत जुना आणि भक्कम पुरावा होय.

ज्यांच्या पदरी मन्सूर नाही त्यांनी काही नियम पाळणे आवश्यक आहे. टर्की टेबलावर आल्यापासून दोन तासांच्या आत तिचे मांस हाडांपासून सोडवून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये जावे. अखंड धड किंवा ग्रेव्हीचे खोल पातेले तसेच ठेवल्यास ते मध्यभागी कित्येक तास कोमट राहते, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नसल्यामुळे त्या कोमट अवस्थेत ते झपाट्याने वाढतात. या जिवाणूमुळे होणाऱ्या विषबाधा अमेरिकेत नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्येच अधिक आढळतात. फ्रीजमधली टर्की तीन ते चार दिवसांत संपवावी, पुन्हा तापवताना ती आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचेल असे पाहावे, आणि पाचव्या दिवशी डबा उघडून वासावरून निर्णय घेण्याच्या घरगुती पद्धतीवर विसंबू नये, कारण आजारी पाडणारे जिवाणू वास देतीलच असे नाही. जे चार दिवसांत संपणार नाही ते पहिल्याच दिवशी, तारीख घालून, फ्रीझरमध्ये टाकावे. तेथे शिजवलेल्या टर्कीची चव दोन ते सहा महिने टिकते. थँक्सगिव्हिंग नेहमी २२ ते २८ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो, त्यानंतर फार तर तेहतीस दिवसांत नाताळ येतो, आणि वर उल्लेखिलेल्या उत्पादक संघटनेच्या अंदाजानुसार नाताळाला अमेरिकी घरांत आणखी सुमारे दोन कोटी वीस लाख टर्की येतात.